मिरजेतील एका बालशल्य रुग्णालयाचा अनुभव: केसांचा गोळा आणि भलत्या बाजूची आतडी

माझ्या 12 वर्षांच्या भाचीवर गेल्या पावसाळ्यात मिरजेतील एका खासगी बालशल्य रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. एकाच भुलीत दोन कामे झाली. जठरात साठलेला केसांचा गोळा बाहेर काढण्यात आला आणि जन्मापासून भलत्या बाजूला असलेल्या आतड्यांना पुढे कधी पीळ पडू नये अशी तजवीज करण्यात आली. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मुलीचे गाव तासगाव तालुक्यातले, चारशे उंबऱ्यांचे. रुग्णालय, महिना आणि आजार एका ठिकाणी लिहिले गेले तर सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांना फार वेळ लागत नाही, आणि तिला अजून त्याच शाळेत जायचे आहे. तरीही लिहितो आहे, कारण असा प्रसंग आला तर रुग्णालयात काय पाहावे, काय विचारावे आणि कोठे आधीच सावध राहावे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

सात-आठ महिने तिचे जेवण कमी कमी होत गेले होते. दोन घास खाल्ले की पोट भरले म्हणून ताटावरून उठायची. रंग फिका पडला होता आणि तोंडाला घाण वास येत होता. आजीने वावडिंग दिले, जंताचे औषध दोनदा झाले, लोहाच्या गोळ्यांची पाकिटे संपली, पण हिमोग्लोबिन 7.6 वरून हलायला तयार नव्हते. तालुक्याच्या ठिकाणी केलेल्या सोनोग्राफीच्या अहवालात वायूमुळे पोटाचा वरचा भाग नीट दिसत नाही, एवढेच लिहिले होते. पुढे खरे निदान कळल्यावर आम्ही त्या अहवालावर बरेच चिडलो. मिरजेच्या डॉक्टरांनी मात्र आम्हालाच आवरले. केसांच्या गोळ्यात हवा अडकलेली असते, त्यामुळे सोनोग्राफीत त्याची एक चकचकीत कमान दिसते आणि तिच्या मागे सगळा काळोख पडतो. ही कमान वायूची आहे असे वाटणे अनुभवी माणसाच्याही बाबतीत घडू शकते, असे त्यांचे म्हणणे. ते मला पटले. चूक आमचीही होती, कारण ‘नीट दिसत नाही’ याचा अर्थ आम्ही ‘काही नाही’ असा घेतला आणि आणखी दोन महिने घालवले.

मिरजेलाच का गेलो, याचे उत्तर या भागात कोणी विचारत नाही. 1894 साली वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय येथे उभे राहिले, तेव्हापासून आजारी माणसाला गाडीत घालून मिरजेला आणण्याची सवय सांगली जिल्ह्यालाच नव्हे, तर बेळगाव-विजापूरकडच्या लोकांनाही लागली आहे. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला आजार सांगितला तरी तो डॉक्टरांचे नाव सुचवतो, आणि बऱ्याचदा ते बरोबर असते. या रुग्णालयातही पाट्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत आहेत आणि रात्रपाळीच्या दोन परिचारिका दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलतात.

पहिल्या तपासणीबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझ्या मते या रुग्णालयाचे खरे मोल तेथेच आहे. केसपेपर काढून दोन तास बसावे लागले. मात्र आत गेल्यावर डॉक्टरांनी घाई केली नाही. त्यांनी आधी जुने कागद बाजूला ठेवले आणि मुलीला टेबलावर झोपवून पोट चाचपले. मग माझ्या बहिणीला जवळ बोलावून तिचा हात धरला आणि बरगड्यांच्या खाली, मध्यभागापासून डावीकडे ठेवला. “ताई, हे लागतंय का? हलवून बघा.” तेथे घट्ट, गुळगुळीत, बाजूला सरकणारे काहीतरी होते. भीती वाटली की पोटात गोळा आला असे आपण म्हणतो. बहिणीला तो त्या दिवशी खरोखरच हाताला लागला. त्यानंतर डॉक्टरांनी कोणालाही काही न विचारता मुलीच्या वेणीचा सैल झालेला भाग हळूच बाजूला केला. उजव्या कानाच्या वर, वेणीखाली झाकलेल्या जागी रुपयाच्या नाण्याएवढा विरळ पट्टा होता आणि त्यात बोटाच्या पेरापेक्षाही आखूड, वेगवेगळ्या लांबीचे केस होते. रोज वेणी घालणाऱ्या आईच्या लक्षात ते आले नव्हते, किंवा आले असले तरी उवा-कोंडा म्हणून सोडून दिले गेले होते.

यानंतर डॉक्टरांनी जे केले ते मी इतर कोठे पाहिलेले नाही. त्यांनी मला आणि मेहुण्यांना बाहेर बसायला सांगितले, बहिणीलाही पाच मिनिटांनी बाहेर पाठवले आणि मुलीशी बोलायला एका तरुण डॉक्टर मॅडमना बसवले. वीस मिनिटांनी आम्हाला आत घेतले, तेव्हा मुलगी रडत नव्हती. रात्री अभ्यास करताना ती केस उपटत होती आणि उपटलेला केस दातांत धरून गिळत होती, हे तिने स्वतः सांगितले होते. डॉक्टरांचे पहिले वाक्य होते, “हिला कोणी रागवायचं नाही. हा खोडकरपणा नाही, हा आजार आहे.” माझ्या मेहुण्यांचा चेहरा पाहूनच ते म्हणाले असावेत.

केस का पचत नाहीत, हे त्यांनी थोडक्यात सांगितले. केस आणि नखे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात, ते पचवणारे रस आपल्या पोटात नाहीत. शिवाय केस गुळगुळीत असतो, त्यामुळे अन्न पुढे ढकलणाऱ्या जठराच्या लाटेला तो नीट सापडत नाही. तो घड्यांत अडकून राहतो, त्यात दुसरा गुंततो, मग अन्नाचे कण आणि चिकट स्राव मिसळून त्याचा नमदा होतो. अशा गोळ्याला डॉक्टर ट्रायकोबेझोअर म्हणतात. त्यातला बेझोअर हा शब्द मूळचा फारसी ‘पादजहर’, म्हणजे विषावरचा उतारा. जनावरांच्या पोटात सापडणारे खडे एके काळी विषावरचे औषध म्हणून मोठ्या किमतीला विकले जात. केस उपटणारे सगळेच ते खात नाहीत आणि खाणाऱ्यांपैकीही थोड्यांच्याच पोटात गोळा होतो, पण ज्यांच्या पोटात होतो त्यांत लहान आणि तरुण मुलींचीच संख्या फार मोठी असते.

आमच्या एका नातेवाइकाने मोबाइलवर वाचून कोलाचे पेय पाजण्याचा सल्ला दिला होता. बहिणीने भीत भीत तो डॉक्टरांना सांगितला. त्यांनी हसण्यावारी नेले नाही. फळभाज्यांच्या धाग्यांपासून झालेले गोळे कोलाने कधी कधी विरघळतात, केसांचा गोळा विरघळत नाही, असे त्यांनी समजावले. दुर्बीण तोंडातून घालून गोळा काढता येणार नाही का, हा माझा प्रश्न होता. दुर्बीण पाहण्यापुरती घालू, ओढायला नाही, असे उत्तर मिळाले. 2010 सालच्या एका आढाव्यात असे प्रयत्न शंभरात पाचच्या आसपासच यशस्वी झाल्याचे दिसते, आणि तुकडे करण्याच्या नादात एखादा तुकडा पुढे सरकून आतड्यात अडकला तर वेगळीच अडचण होते. मोठ्या गोळ्यासाठी पोट उघडून शस्त्रक्रिया करणे हाच आजही सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, हे त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले.

दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन झाला आणि प्रकरणाला वेगळेच वळण लागले. गोळा तर दिसलाच. जठराचा जवळजवळ सगळा भाग त्याने व्यापला होता. पण लहान आतडी सगळी उजव्या बाजूला, मोठे आतडे सगळे डाव्या बाजूला, आणि आतड्यांना रक्त पुरवणारी मुख्य धमनी आणि तिच्याशेजारची शीर यांची जागा एकमेकींशी बदललेली, असेही त्यात दिसले. केसांच्या गोळ्याचे निदान हाती आल्यावर फिल्म मिटवून ठेवणे सोपे होते. येथे तसे झाले नाही, आणि या रुग्णालयाला मी चांगले म्हणतो ते प्रामुख्याने याच कारणासाठी.

आतडी भलत्या बाजूला म्हणजे काय, हे समजावताना डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढले. गर्भ सहाव्या आठवड्यात असताना आतडी पोटात मावत नाहीत म्हणून नाळेत बाहेर येतात आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत आत जातात. या जाण्यायेण्यात ती मुख्य धमनीभोवती घड्याळाच्या उलट दिशेने 270 अंश फिरतात आणि मग आपापल्या जागी चिकटतात. हे फिरणे अर्धवट राहिले की आतडी वेगळ्याच जागी राहतात. एवढ्यावर भागले असते तर फारसे बिघडले नसते, कारण आतडी उजवीकडे असली तरी अन्न पचतेच. बिघडते ते टांगण्याच्या पद्धतीमुळे. “ताई, दोरीवर चादर वाळत घातली आणि दोन्ही टोकांना चिमटे लावले तर वाऱ्याने ती नुसती हलते. तीच चादर मधोमध एकाच चिमट्याला लटकवली तर काय होईल?” बहीण म्हणाली, “पीळ पडेल.” आतडी ज्या पडद्याने पाठीच्या बाजूला धरलेली असतात, त्याचे मूळ एरवी डावीकडे वरून उजवीकडे खाली असे लांब पसरलेले असते, भाचीच्या पोटात ते आखूड होते, म्हणजे चिमटा एकच होता. त्याच देठातून रक्तवाहिन्या जात असल्यामुळे पीळ पडला तर सगळ्या लहान आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत बंद पडू शकतो.

तेव्हा बहिणीला आठवले की मुलगी दोन महिन्यांची असताना दोन दिवस हिरव्या उलट्या झाल्या होत्या आणि त्या पित्त म्हणून आपोआप थांबल्या होत्या. पुढेही वर्षातून एक-दोनदा तिचे पोट अचानक दुखायचे. गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली की तासाभराने थांबायचे. घरात आम्ही त्याला शाळा चुकवण्याचे दुखणे म्हणायचो. तान्ह्या बाळाची उलटी हिरवी असेल तर ती पित्त म्हणून सोडायची नसते, त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवायची असते, असे डॉक्टर म्हणाले. या दोषाची बहुतेक बाळे पहिल्या महिन्यातच त्रास दाखवतात, काही मात्र अशी वर्षानुवर्षे निसटत राहतात.

दोन्ही शस्त्रक्रिया एकदम करायच्या की वेगवेगळ्या, हा निर्णय त्यांनी आमच्यावर लादला नाही. जठर उघडताना आतला कुजलेला मळ पोटात सांडण्याचा धोका असतो, म्हणून आतड्यांचे काम नंतर करावे असे मत असू शकते. उलट पोट एकदाच उघडावे आणि पिळाची टांगती तलवार लगेच दूर करावी, असेही मत असू शकते. त्यांचा कल दुसऱ्या बाजूला होता. हवे तर सांगलीत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून या, असे म्हणून त्यांनी फिल्मा आमच्या हातात दिल्या. आम्ही दाखवून आलो. तेथेही तेच मत पडले. दुसऱ्याचे मत घ्यायला स्वतःहून पाठवणारा डॉक्टर मला आजवर भेटला नव्हता.

शस्त्रक्रियेला सुमारे तीन तास लागले. मधेच परिचारिकेने मला आणि मेहुण्यांना दाराशी बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये गोळा दाखवला. मोरीच्या जाळीतून काढलेला केसांचा पुंजका सगळ्यांनी पाहिलेला असतो. तोच वास, तोच चिकट काळेपणा, फक्त आकार जठराच्या साच्यातून काढल्यासारखा, एका बाजूला बाक असलेला, आणि खालच्या टोकाला वीतभर लांबीची निमुळती शेपटी. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास भरले. शेपटी जठराच्या बाहेर लहान आतड्यात उतरलेली असेल, तर या प्रकाराला 1968 पासून रॅपुन्झेल सिंड्रोम म्हणतात. युरोपातल्या कथेतली ती लांब केसांची मुलगी. असला गोळा पहिल्यांदा 1779 साली फ्रान्समधल्या एका डॉक्टरांनी नोंदवला होता, म्हणजे हा आजार मोबाइलच्या पिढीने आणलेला नाही, हे मी मेहुण्यांच्या माहितीसाठी येथे नमूद करतो.

आतड्यांवरच्या शस्त्रक्रियेबद्दल गावात आणि आमच्या घरातही एक गैरसमज अजून आहे, की डॉक्टरांनी आतडी ‘जागेवर बसवली’. तसे काही केलेले नाही. बोस्टनचे बालशल्यचिकित्सक विल्यम लॅड यांनी 1936 साली मांडलेली पद्धत आजही वापरतात. तिच्यात लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर आडवे आलेले पट्टे कापतात, आखडलेला पडदा पसरून त्याचे मूळ रुंद करतात आणि मग लहान आतडी उजवीकडे आणि मोठे आतडे डावीकडे अशीच ठेवून पोट बंद करतात. म्हणजे आतडी इतरांसारखी होत नाहीत; चिमट्यांमधले अंतर वाढते, एवढेच. अपेंडिक्सही त्याच वेळी काढतात, कारण ते आता डाव्या बाजूला राहणार असते आणि पुढे कधी सुजले तर तिकडे दुखते म्हणून कोणाच्या ध्यानात येणार नाही. पट्ट्यांमुळे वाट अरुंद झाली आणि म्हणून केस साठले का, असे मी विचारले. हातभार लागला असेल, पण तसे सिद्ध करता येणार नाही, एवढेच बोलून डॉक्टर थांबले. हे उत्तर मला आवडले.

पुढचे दिवस कोणत्याही पोटाच्या शस्त्रक्रियेसारखेच गेले. नाकात नळी, सलाइन, पाच दिवस तोंडाला पाणी नाही, आणि मुलीला वारा सरला का या एकाच प्रश्नावर खिळलेले अख्खे कुटुंब. सहाव्या दिवशी सकाळी तो सरला तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या कन्नड आजींनीही हात जोडले. परिचारिका चांगल्या होत्या, खोली स्वच्छ होती, पाणी गरम होते. उपाहारगृह नाही; डबा बाहेरून आणावा लागतो.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार पैशांच्या खिडकीची आहे. दाखल करताना 1,10,000 रुपयांचा अंदाज सांगितला होता, हातात बिल आले 1,46,000 रुपयांचे. दुसरी शस्त्रक्रिया नंतर ठरली, त्यामुळे रक्कम वाढणार हे उघड होते आणि त्याबद्दल वाद नाही. पण वाढीव आकडा त्याच दिवशी कागदावर द्यायला हवा होता. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ मिळू शकला असता, पण शिधापत्रिकेवर मुलीचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक होता. हा फरक खिडकीवरच्या माणसाने पहिल्या दिवशी झेरॉक्स घेताना पाहिला होता आणि आम्हाला सांगितला निघण्याच्या दिवशी. दहा दिवस हातात असते तर मेहुणे तहसील कार्यालयातून दुरुस्ती करून आले असते.

दुसरी तक्रार सकाळच्या फेरीची. ज्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी आम्हाला बाहेर बसवून मुलीची लाज राखली, त्यांच्याच हाताखालचे विद्यार्थी सामाईक वॉर्डात तिच्या खाटेपाशी उभे राहून केस खाणारी मुलगी असा मोठ्याने उल्लेख करीत होते. बहिणीने तक्रार केल्यावर ते थांबले, पण तोवर आजूबाजूच्या चार कुटुंबांना सगळे कळले होते.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की उणीव, हे मला ठरवता येत नाही. गोळा काढला तरी केस उपटण्याची ओढ तशीच राहते, आणि ती राहिली तर गोळा पुन्हा होऊ शकतो. म्हणजे अर्धा उपचार मनाचा आहे. रुग्णालयात त्यासाठी कोणी नाही. सांगलीतल्या विश्रामबागच्या एका मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी मिळाली आणि तेथे वेळ मिळाली तीन आठवड्यांनंतरची. ते तीन आठवडे आम्ही आमच्या अकलेने काढले; घरातल्या दोन वडीलधाऱ्यांनी तर मुलीचे मुंडण करण्याचा प्रस्ताव मांडला होता. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी तो ठामपणे मोडून काढला, ही जमेची बाजू. आता भाचीला हात केसांकडे गेला की मुठी आवळून तीन मिनिटे धरायला शिकवले आहे आणि दिवसातून किती वेळा गेला त्याची नोंद ती एका वहीत ठेवते. या पद्धतीचे मूळ 1973 सालच्या एका उपचारात आहे. सुरुवातीला दिवसाला तीस-चाळीस रेघा असायच्या, गेल्या आठवड्यात एका दिवशी सहा होत्या. परीक्षेच्या दिवसांत पुन्हा वीस झाल्या होत्या.

निघताना मिळालेल्या कागदाबद्दल सांगायचे राहिले. नेहमीच्या डिस्चार्ज कार्डाबरोबर त्यांनी एक वेगळे, प्लास्टिकमध्ये बंद केलेले कार्ड दिले. त्यावर मराठी आणि इंग्रजीत लिहिले आहे की या मुलीची लहान आतडी उजवीकडे आणि मोठे आतडे डावीकडे आहे, अपेंडिक्स काढलेले आहे, आणि हिरवी उलटी किंवा अचानक पोटदुखी झाली तर विनाविलंब शल्यचिकित्सकाला दाखवावे. हे कार्ड दप्तरात ठेवायचे आहे. वर्गशिक्षिकेला त्याची एक प्रत दिली आहे, त्यात केसांचा उल्लेख नाही.

फेरतपासणीचे तीन महिने पैसे घेतले जात नाहीत. जायचे असल्यास गुरुवार टाळावा, त्या दिवशी कर्नाटकातून येणाऱ्यांची गर्दी असते. सीटीची सीडी देतात ती पुरत नाही. फिल्मा बरोबर न्याव्यात, कारण डॉक्टर अजूनही त्या खिडकीच्या उजेडात धरूनच पाहतात.